शायेन आणि अमेरिकी सैन्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरच्या लढायांबद्दल लिहायला लागल्यापासून वाचक तेच ते प्रश्न पाठवत असतात. निम्मे प्रश्न सिनेमा बघून येतात, उरलेले घोडदळ अधिकारी कस्टरचं नाव ऐकून. इथे सोप्यापासून सुरुवात केली आहे, आडवळणाचे प्रश्न शेवटी आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शायेन म्हणजे कोण? सू लोकांचीच एक शाखा का?

नाही. शायेनांची भाषा आल्गॉन्क्वियन कुळातली, लकोटांची (सूंची एक शाखा) अगदी वेगळी. सूंशी सोयरिकी झाल्या, खांद्याला खांदा लावून लढाया झाल्या, तरी जमात वेगळीच राहिली. ते स्वतःला त्सित्सिस्तास म्हणतात. आधी ते आजच्या मिनेसोटा आणि डकोटाच्या बाजूला मका पिकवून राहत. घोडा हाती आल्यावर ते मैदानावर उतरले आणि बायसनच्या कळपांमागे फिरू लागले. एकोणिसाव्या शतकात त्यांचे दोन गट पडले. दक्षिणेकडचे आर्कान्सा नदीच्या आसपास, तर उत्तरेकडचे प्लॅट नदीच्या वर पावडर नदीच्या खोऱ्यात राहू लागले. हे दोन गट डोक्यात पक्के ठेवा, नाहीतर पुढे १८७७ साली कोणाला कुठे का पाठवलं ते कळणार नाही.

२. त्यांचा राजा किंवा सेनापती कोण होता?

कोणीच नाही, आणि बरेच घोटाळे इथूनच सुरू होतात. शायेनांची ४४ प्रमुखांची सभा होती. या प्रमुखांनी शांतता राखायची, भांडणं मिटवायची, गरिबाला घोडा द्यायचा. लढाईचं काम योद्ध्यांच्या वेगवेगळ्या मंडळांकडे असे. प्रमुखाने तहावर खूण केली म्हणून तरुण योद्धे बांधले जात नसत. सरकारला मात्र सही करणारा एक माणूस हवा असायचा. त्याची सही घेतली की अख्ख्या जमातीने कबूल केलं असं धरायचं, आणि दुसऱ्याच गटातल्या चार पोरांनी घोडे पळवले की सही करणाऱ्याला जाब विचारायचा, ही रीत तीस वर्षं चालली.

३. 'डॉग सोल्जर्स' म्हणजे शायेनांचं सैन्य का?

मुळात ते एक योद्धा-मंडळ. पुढे ते आपल्या बायकापोरांसह वेगळा तळ करून राहू लागले आणि स्मोकी हिल व रिपब्लिकन या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात जवळजवळ स्वतंत्र टोळी बनले. त्यांच्यात लकोटाही मिसळले होते. १८६१ चा तह त्यांनी मानला नाही. कॅन्ससमधल्या रस्त्यांवर आणि रेल्वेमार्गावर हल्ले करण्यात ते पुढे होते.

४. भांडण नेमकं कशावरून सुरू झालं?

जमिनीवरून. १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहात नॉर्थ प्लॅट आणि आर्कान्सा या नद्यांमधला मुलूख शायेन आणि त्यांची मित्र जमात अरापाहो यांचा असं अमेरिकेनेच मान्य केलं होतं. १८५८ मध्ये त्याच मुलखात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी अंदाजे लाखभर लोक तिकडे निघाले. आजचं डेन्व्हर त्याच जमिनीवर उभं आहे. १८६१ मध्ये फोर्ट वाइजला काही मोजक्या प्रमुखांकडून नवा तह करून घेतला. त्यात आधीच्या मुलखाचा जेमतेम तेरावा हिस्सा उरला, तोही कोरडा आणि शिकारीला निकामी. बहुसंख्य शायेनांनी तो धुडकावला (कारण प्रश्न २ मध्ये).

पहिली मोठी मोहीम मात्र सोन्याच्याही आधीची. २९ जुलै १८५७ रोजी कॅन्ससमध्ये सॉलोमन नदीजवळ कर्नल एडविन समनरचं घोडदळ आणि सुमारे ३०० शायेन समोरासमोर आले. शायेनांच्या आइस आणि डार्क या दोन वैद्यांनी एका तळ्याच्या पाण्यात हात बुडवायला सांगितलं होतं. आता सैनिकांच्या गोळ्या लागणार नाहीत, असा विश्वास होता. समनरने बंदुका म्यान करायला लावून तलवारी उपसायचा हुकूम दिला. गोळ्यांवर उतारा होता, तलवारींवर नव्हता. शायेन पांगले आणि फार कोणी मेलं नाही. पण दोन दिवसांनी समनरला त्यांचा सोडून दिलेला तळ सापडला आणि त्याने तंबू व सुकवलेलं मांस जाळून टाकलं. माणसं निसटली तर घर जाळा, हा धडा सैन्याने त्या दिवशी गिरवला आणि पुढे वीस वर्षं सोडला नाही.

५. सँड क्रीकला लढाई झाली की कत्तल?

कत्तल. अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीनेही तसंच म्हटलं आणि तेही १८६५ मध्येच, त्यामुळे हा आजच्या नजरेने काढलेला अर्थ नाही.

१८६४ च्या उन्हाळ्यात कोलोराडोत हल्ले-प्रतिहल्ले चालू होते. डेन्व्हरजवळ एक वसाहतवाला, त्याची बायको आणि दोन लहान मुली मारल्या गेल्या. गव्हर्नर जॉन एव्हान्सने नागरिकांनाच शत्रू जमातींना ठार करण्याची मुभा दिली आणि १०० दिवसांच्या कराराने स्वयंसेवकांची तिसरी कोलोराडो घोडदळ पलटण उभी केली. दरम्यान ब्लॅक केटल आणि इतर प्रमुख २८ सप्टेंबरला कॅम्प वेल्डला येऊन एव्हान्स आणि कर्नल जॉन शिव्हिंग्टनला भेटले. फोर्ट लायनवर मेजर विन्कूपकडे जा, असं त्यांना सांगण्यात आलं. ते गेले. विन्कूपची बदली झाली. त्याच्या जागी आलेल्या मेजर अँथनीने त्यांना सँड क्रीकवर थांबायला सांगितलं, आणि ते थांबले. म्हणजे सैन्याच्या सांगण्यावरूनच तळ तिथे होता.

२९ नोव्हेंबरला पहाटे शिव्हिंग्टन सुमारे ६७५ सैनिक आणि डोंगरी तोफा घेऊन आला. ब्लॅक केटलने तंबूच्या काठीवर अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरं फडकं चढवलं आणि लोकांना घाबरू नका म्हणून सांगत राहिला. म्हातारा व्हाइट अँटिलोप हाताची घडी घालून मरणगीत म्हणत उभा राहिला आणि तसाच मारला गेला. लोकांनी वर पळत जाऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रातली वाळू हातांनी उकरून खड्डे केले. त्या खड्ड्यांवर तोफा डागल्या गेल्या. मेलेल्यांचा आकडा २३० च्या आसपास धरला जातो, त्यात दोन तृतीयांश बायका, मुलं आणि म्हातारे. सैनिकांनी प्रेतांची विटंबना केली आणि कापून आणलेले अवयव डेन्व्हरमध्ये मिरवले.

६. सगळ्या सैनिकांनी गोळ्या घातल्या का?

नाही. कॅप्टन सायलस सोल आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर यांनी आपापल्या तुकड्यांना गोळीबार करू दिला नाही आणि जे पाहिलं ते पत्रांत लिहून वर कळवलं. सोलने चौकशीत साक्ष दिली. एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा गोळी घालून खून झाला आणि खुन्याला शिक्षा झालीच नाही.

७. शिव्हिंग्टनला काय शिक्षा झाली?

काहीही नाही. तीन चौकश्या झाल्या, ताशेरे कडक ओढले गेले, पण तोवर त्याने सैन्य सोडलं होतं, म्हणून लष्करी खटला चालवता आला नाही. एव्हान्सला गव्हर्नरपद सोडावं लागलं. १८६५ च्या तहात सरकारने बळींच्या कुटुंबांना भरपाई कबूल केली. ती आजतागायत पूर्ण दिलेली नाही. शिव्हिंग्टन मेथडिस्ट धर्मोपदेशकही होता, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. त्याच्या काळातल्या डेन्व्हरला मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

८. सैन्य थंडीतच हल्ले का करायचं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण सगळ्या मोहिमांची किल्ली यात आहे.

उन्हाळ्यात शायेन सापडायचेच नाहीत. गवत खाऊन त्यांचे घोडे तगडे झालेले, तंबू तासाभरात उतरवून घोड्यांवर लादले की अख्खं गाव नाहीसं. सैन्याचे घोडे दाण्यावर जगत आणि दाणा गाड्यांतून यायचा, म्हणून गाड्यांच्या वेगापेक्षा जोरात चालता येत नसे. हिवाळ्यात हेच गणित उलटं व्हायचं. शायेनांचे घोडे झाडाच्या साली खाऊन खंगलेले, माणसं नदीकाठच्या झाडीत आसऱ्याला एका जागी बसलेली, आणि सैन्याकडे मात्र साठवलेला दाणा. जनरल फिलिप शेरिडनने १८६८ मध्ये हे धोरण म्हणून राबवलं. तळ गाठायचा, तंबू जाळायचे, अन्न जाळायचं, घोडे मारायचे. लढाई जिंकली नाही तरी चालेल, कारण उरलेल्यांना फेब्रुवारीपर्यंत भुकेने आपोआप छावणीत आणलं असतं.

यात एक क्रूर गोष्ट दडलेली आहे. सहज सापडणारे तळ बहुतेकदा तह मानून एका जागी बसलेल्यांचे असत. लढणारे लांब आणि हलते. त्यामुळे शांततेच्या बाजूचा ब्लॅक केटल चार वर्षांत दोनदा सापडला (प्रश्न ५ आणि ९). १८६७ मध्ये जनरल हॅनकॉक बोलणी करायला म्हणून पॉनी फोर्कला मोठी फौज घेऊन आला. दुसरं सँड क्रीक होणार या भीतीने बायका-मुलं रात्रीत पळाली. पळाली म्हणजे मनात पाप, असं ठरवून त्याने तळ जाळला, आणि त्या उन्हाळ्यात कॅन्ससभर युद्ध पेटलं.

याला अपवाद आहे समिट स्प्रिंग्जचा, ११ जुलै १८६९. मेजर यूजीन कारने पॉनी जमातीच्या स्काउटांच्या (सैन्यासाठी माग काढणाऱ्यांच्या) मदतीने भर उन्हाळ्यात खऱ्याखुऱ्या डॉग सोल्जर्सचा तळ गाठला. त्यांचा प्रमुख टॉल बुल मारला गेला आणि स्वतंत्र टोळी म्हणून त्यांचा जोर संपला. त्या तळात पळवून आणलेल्या दोन गोऱ्या बायका होत्या. त्यातली एक वाचली.

९. वॉशिटाही सँड क्रीकसारखीच कत्तल होती का?

यावर आजही वाद आहे आणि दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. २७ नोव्हेंबर १८६८ रोजी पहाटे जॉर्ज कस्टरच्या सातव्या घोडदळाने आजच्या ओक्लाहोमात वॉशिटा नदीवरच्या ब्लॅक केटलच्या तळावर चार बाजूंनी हल्ला केला. सैन्य बर्फातल्या ज्या मागावरून तिथे पोचलं, तो कॅन्ससमधून परतणाऱ्या लढाऊ तरुणांचा होता. कस्टरला बायका-मुलं कैद करण्याचा हुकूम होता आणि त्याने ५३ जण पकडून नेले. सँड क्रीकला कैदी घ्यायचेच नाहीत अशी वृत्ती होती, हा फरक खरा आहे.

पण आठवडाभर आधीच ब्लॅक केटल फोर्ट कॉबला जाऊन जनरल हेझनला भेटला होता. आम्हाला संरक्षण द्या, असं त्याने मागितलं. माझ्या हातात नाही, शेरिडनशी बोला, असं उत्तर मिळालं. तो परत तळावर आला. सँड क्रीकला त्याची बायको मेडिसिन वुमन लेटर हिला नऊ गोळ्या लागल्या होत्या आणि त्यातून ती वाचली होती. वॉशिटाला दोघंही नदी ओलांडताना मारले गेले. कस्टरने १०३ योद्धे मारल्याचं कळवलं. शायेनांनी सांगितलेले आकडे याहून कितीतरी कमी आणि त्यात बायका-मुलं आहेत. कस्टरचेही २१ जण गेले. त्यातले बहुतेक मेजर एलियटबरोबर पळणाऱ्यांच्या मागे लागून खालच्या तळांवरच्या योद्ध्यांच्या तावडीत सापडले. नदीच्या खाली आणखी मोठे तळ आहेत, हे कस्टरने आधी पाहिलंच नव्हतं.

माझं मत विचाराल तर, तळाच्या दृष्टीने पाहिलं की नावाचा वाद दुय्यम ठरतो.

१०. मुकी जनावरं मारायची काय गरज होती?

वॉशिटाला ८०० हून अधिक घोडे आणि खेचरं गोळ्या घालून मारली. १८७४ मध्ये टेक्ससच्या पॅलो ड्यूरो दरीत कर्नल रॅनल्ड मॅकेन्झीने कायोवा, कोमांची आणि शायेनांचे हजाराहून जास्त घोडे मारले. पकडलेले घोडे सोबत नेले तर वाटेत परत पळवले जातील, ही भीती एक कारण. दुसरं आणि मुख्य कारण म्हणजे घोड्याशिवाय शिकार नाही, तंबू वाहता येत नाही, पळताही येत नाही. पॅलो ड्यूरोला माणसं जेमतेम मूठभर मेली, तरी दक्षिणेकडच्या जमातींशी चाललेलं ते युद्ध तिथेच निकालात निघालं.

११. शायेन कधी जिंकले की नाही?

जिंकले, विशेषतः लकोटांबरोबर. डिसेंबर १८६६ मध्ये कॅप्टन फेटरमनची ८१ जणांची अख्खी तुकडी कापली गेली, त्यात शायेनही होते. १७ जून १८७६ ला रोझबड नदीवर जनरल क्रूकला माघार घ्यायला लावली. शायेन त्या लढाईला 'बहिणीने भावाला वाचवलं ती जागा' म्हणतात: घोडा मेल्याने अडकलेल्या कम्स इन साइटला त्याची बहीण बफेलो काफ रोड वुमन हिने गोळीबारातून घोडा फेकत येऊन पाठीमागे बसवून नेलं. आठवडाभराने लिटल बिगहॉर्नला ती पुन्हा लढली.

१२. कस्टरला शायेननी मारलं की सूंनी?

सांगता येत नाही. कस्टर लिटल बिगहॉर्न नदीवरच्या लढाईत मारला गेला, पण २५ जून १८७६ च्या त्या धुळीत कोणाची गोळी कोणाला लागली हे तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं. तळात लकोटा खूपच जास्त होते. शायेनांच्या तंबूंचा गोल उत्तरेच्या टोकाला होता. आपल्यापैकी कोण होतं याबद्दल दोन्ही जमातींत कथा आहेत. एक शायेन कथा मात्र वेगळी आहे. १८६९ मध्ये पवित्र बाणांचा राखणदार स्टोन फोरहेड याने कस्टरबरोबर चिलीम ओढली आणि राख त्याच्या बुटावर झाडली: पुन्हा शायेनांवर चालून आलास तर तू आणि तुझे लोक मराल.

१३. लिटल बिगहॉर्ननंतर शायेनांचं काय झालं?

पाच महिन्यांत हिशेब चुकता केला गेला. २५ नोव्हेंबर १८७६ ला मॅकेन्झीने वायोमिंगमध्ये पावडर नदीच्या रेड फोर्कवर डल नाइफ आणि लिटल वुल्फ या उत्तर शायेन प्रमुखांचा सुमारे २०० तंबूंचा तळ पहाटे गाठला. योद्ध्यांनी कडेकपारीतून दिवसभर झुंज दिली, बहुतेक लोक निसटले. पण खाली तळात तंबू, हिवाळ्याचं मांस, कातडी पांघरुणं, पवित्र वस्तू, सगळ्याची होळी झाली. त्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली होता. अकरा तान्ही मुलं आयांच्या कुशीत गोठून मेली. म्हाताऱ्यांचे हातपाय वाचवायला घोडे मारून त्यांच्या गरम पोटात घातले. तसेच चालत ते लकोटा नेता क्रेझी हॉर्सच्या तळावर पोचले.

वसंतात बहुतेक शरण आले. डल नाइफचे लोक फोर्ट रॉबिन्सनला आले, तर टू मूनचे जनरल माइल्सकडे टंग नदीवर. पहिल्या गटाला उत्तरेत ठेवू असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ९७२ जणांना १८७७ च्या उन्हाळ्यात दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवलं.

१४. १८७८ चं पलायन म्हणजे काय?

दक्षिणेत मलेरिया होता, गोवर होता, बायसन संपलेले, आणि कबूल केलेला शिधा अर्धाच यायचा. ९ सप्टेंबर १८७८ च्या रात्री ३५३ जण तंबू उभेच ठेवून उत्तरेला निघाले. त्यातली ९२ माणसं लढण्याजोगी, बाकी बायका-मुलं. वाटेत तीन रेल्वेमार्ग आणि हजारोंचं सैन्य. कॅन्ससमध्ये पनिश्ड वुमन्स फोर्कला लढाई झाली, तिथे लेफ्टनंट कर्नल लुईस जखमी होऊन मेला. नेब्रास्कात गट फुटला. लिटल वुल्फ वाळूच्या टेकड्यांत लपून राहिला आणि मार्च १८७९ मध्ये सन्मानाने शरण आला.

डल नाइफचे १४९ जण फोर्ट रॉबिन्सनला कैद झाले. पकडताना शस्त्रं गोळा केली, पण काही बंदुका सुट्या करून लपवल्या होत्या: नळ्या बायकांच्या कपड्यांखाली, बारीक भाग पोरांच्या गळ्यात आणि मनगटावर दागिने म्हणून. मग ते बराकीच्या फळ्यांखाली गेले. जानेवारीत दक्षिणेला परत जा असा हुकूम आला. आम्ही इथेच मरू, असं त्यांनी सांगितलं. कॅप्टन वेसल्सने आधी अन्न आणि जळण तोडलं, मग पाणी. लोकांनी खिडक्यांवरचं दव-बर्फ खरवडून चाटलं. ९ जानेवारी १८७९ च्या चांदण्या रात्री पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडून ते खिडक्यांतून बाहेर पडले. बर्फावर एकेक माणूस स्पष्ट दिसत होता. शेवटचे काही २२ जानेवारीला अँटिलोप क्रीकच्या एका खळग्यात मारले गेले. एकूण साठाहून जास्त मेले. डल नाइफ कुटुंबासह लपतछपत पाइन रिजला, लकोटांच्या राखीव प्रदेशात पोचला.

१५. शायेनांनीही निरपराध लोकांना मारलं ना?

हो, आणि ते टाळून लिहिण्यात अर्थ नाही. १८६४ आणि १८६८ मध्ये वसाहतींवर हल्ले झाले, बायकांना पळवून नेलं, अत्याचार झाले. १८७८ च्या पलायनात वायव्य कॅन्ससमध्ये सॅपा आणि बीव्हर ओढ्यांकाठी सुमारे ४० वसाहतवाले मारले गेले. तीन वर्षांपूर्वी त्याच सॅपा ओढ्यावर सैन्याने शायेनांचा एक गट संपवला होता. सूड होता असं अनेकांना वाटतं. मेलेल्या शेतकऱ्यांचा त्या घटनेशी काही संबंध नव्हता, हेही तितकंच खरं.

१६. काही शायेन अमेरिकी सैन्यातच होते असं वाचलं. खरं का?

खरं. टंग नदीवर शरण आलेले अनेक जण माइल्सचे स्काउट झाले. त्यात व्हाइट बुल होता, म्हणजे १८५७ ला तळ्यात हात बुडवायला लावणारा तोच आइस (प्रश्न ४). लिटल वुल्फचे योद्धेही पुढे स्काउट बनले. याला फितुरी म्हणायची घाई करू नका. स्काउट असल्यामुळे हे लोक उत्तरेत टिकले, आणि ते टिकले म्हणून १८८४ मध्ये मोंटानात उत्तर शायेनांचा राखीव प्रदेश जाहीर झाला. रेड फोर्कवर मात्र मॅकेन्झीबरोबरही थोडे शायेन स्काउट होते, आणि ती सल राहिली.

१७. आज ते कुठे आहेत? या जागा बघता येतात का?

उत्तर शायेन मोंटानात लेम डीअरच्या आसपास, दक्षिण शायेन ओक्लाहोमात अरापाहोंबरोबर. सँड क्रीक, वॉशिटा आणि लिटल बिगहॉर्न ही राष्ट्रीय स्मारकं आहेत. फोर्ट रॉबिन्सन नेब्रास्कातलं राज्य उद्यान आहे. सँड क्रीक कोलोराडोतल्या ईड्स गावाजवळ, फार आडबाजूला आहे. तिथे दगडी इमारती शोधू नका, ओढ्याचं पात्र आणि कॉटनवुडची झाडं आहेत. दर जानेवारीत उत्तर शायेन तरुण फोर्ट रॉबिन्सनपासून मोंटानापर्यंत सुमारे ४०० मैल आळीपाळीने धावतात.

१८. माउंट एव्हान्सचं नाव बदललं, त्याने सगळे खूश झाले का?

नाही. गव्हर्नर एव्हान्सच्या नावाचं डेन्व्हरजवळचं शिखर २०२३ मध्ये माउंट ब्लू स्काय झालं. अरापाहोंना हे नाव जवळचं, दक्षिण शायेनांचाही पाठिंबा होता. उत्तर शायेनांनी मात्र हरकत घेतली, कारण ते शब्द त्यांच्या पवित्र बाणांच्या विधीतले आहेत आणि नकाशावर छापायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. त्यांना माउंट शायेन-अरापाहो हे नाव हवं होतं.